गोकुळ शिरगावातली क्लीन रूम: प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२५

अण्णांच्या केबिनमध्ये पहिली बैठक झाली. आपल्या मशीन शॉपमधून निघणाऱ्या, मोडलेलं हाड जोडायच्या टायटॅनियमच्या बोन प्लेट आणि स्क्रू आजवर शेवटच्या पॅकिंगसाठी बाहेरगावी जात होते. आता शेवटची धुलाई, तपासणी आणि पाऊच सीलिंग इथंच, क्लीन रूममध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या बंद खोलीत करायचं ठरलं. गॅमा किरणांचं निर्जंतुकीकरण मात्र बाहेरच होणार.

अण्णांचा पहिलाच प्रश्न रास्त होता. "किरणांनी जंतू मरणारच हाईत, मग हवेवर एवढा पैसा कशाला?" जंतू मरतात, पण धुळीचा कण आणि कापडाचा धागा पाऊचमध्ये तसाच राहतो. मेलेल्या जंतूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिनही किरणांनी खात्रीनं जात नाही, आणि ते रोग्याच्या रक्तात गेलं तर ताप आणतं. पाऊचमध्ये जे बंद होईल ते थेट कुणाच्या तरी हाडाशेजारी जाऊन बसणार आहे. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग सगळीकडंच क्लास हंड्रेड करून टाकूया की."

ही जुनी भाषा अजून सगळ्यांच्या तोंडात आहे. अमेरिकेचं फेडरल स्टँडर्ड २०९ हे १९६३ सालचं. त्यात एका घनफुटात अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याहून मोठे कण किती, त्या आकड्यावरून क्लास ठरायचा: १००, १०,०००, १,००,०००. ते स्टँडर्ड २००१ साली रद्द झालं. आता आयएसओ १४६४४-१ हे आंतरराष्ट्रीय मानक चालतं आणि मोजणी घनमीटरमध्ये होते. आयएसओ ५ ला अर्ध्या मायक्रॉनच्या आणि मोठ्या कणांची मर्यादा ३,५२०, आयएसओ ६ ला ३५,२००, आयएसओ ७ ला ३,५२,०००, आयएसओ ८ ला ३५,२०,०००. पायरीगणिक दहापट. जुना क्लास हंड्रेड म्हणजे आजचा आयएसओ ५, आणि क्लास टेन थाउजंड म्हणजे आयएसओ ७.

पॅकिंगची खोली ४८ चौरस मीटरची. तिथं आयएसओ ७ पुरेसं आहे. जिथं प्लेट उघड्यावर पाऊचमध्ये जाते तेवढ्याच टेबलावर लॅमिनार फ्लो, म्हणजे गाळलेली हवा एकाच दिशेनं सरळ सोडणारं यंत्र, लावून आयएसओ ५. कपडे बदलायची खोली आणि धुलाई आयएसओ ८. "सगळीकडंच हंड्रेड" का नको, ते अण्णांना कागदावर मांडून दाखवलं. ४८ चौरस मीटरच्या सगळ्या छतातून सेकंदाला ०.४५ मीटर वेगानं हवा सोडायची तर तासाला ७७,७६० घनमीटर लागते. आयएसओ ७ साठी तासाला ४० वेळा हवा बदलायची म्हटलं, तर २.७ मीटर उंचीच्या याच खोलीला ५,१८४ घनमीटर पुरतात, म्हणजे मिनिटाला साधारण ३,०५० घनफूट (सीएफएम). पंधरा पटींचा फरक, आणि तो दर महिन्याच्या वीजबिलात दिसणारा. अण्णांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

२७ जानेवारी

आज गच्चीवर उभं राहून नुसती हवा बघितली. बाहेरची हवा आत घ्यायचं तोंड कुठं ठेवायचं, हे नकाशावर ठरत नाही.

कोल्हापूरची औद्योगिक ओळखच फाउंड्रीची. शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो, कुठल्या ना कुठल्या बाजूला भट्टी आणि वाळू असतेच. आपल्या मागच्या अंगालाही आहे. त्यात सध्या गळीत हंगाम जोरात. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर चिपाडाच्या राखेची काळी पूड बसली होती, बोट फिरवलं तर तेलकट लागली. एखादं गुऱ्हाळ पेटलं की त्याचा धूर सकाळी खाली दबून राहतो.

तोंड रस्त्याच्या बाजूला, जमिनीपासून उंच आणि डिझेल जनरेटरच्या धुराड्यापासून लांब ठेवायचं. पावसाचे शिंतोडे आत येऊ नयेत म्हणून झडपा खाली कललेल्या, मागे जाळी. खोलीत फिरणाऱ्या हवेचा साधारण आठवा हिस्साच बाहेरून घ्यायचा. बाकीची तीच हवा पुन्हा पुन्हा गाळून फिरते. पण बाहेरचा हा हिस्सा लागतोच. आत दाब ठेवायला लागतो आणि माणसांना श्वासाला लागतो.

गाळणीच्या तीन पायऱ्या धरल्या. पहिला प्री-फिल्टर, तो काजळी आणि वाळू अडवेल. मग एएचयूमध्ये, म्हणजे हवा गार करून ढकलणाऱ्या मुख्य यंत्रात, फाइन फिल्टर. शेवटी खोलीच्या छतात एच१४ दर्जाचा हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर. बरेच लोक पहिल्या दोनांवर पैसे वाचवतात. मग महागडा हेपा वेळेआधी कोंदतो आणि दोष हेपाला दिला जातो.

१८ फेब्रुवारी

पॅनेल उभी राहिली. भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यात कोव्हिंग, म्हणजे काटकोन कुठंच नाही आणि पोछा सगळीकडं पोचतो. परतीची हवा खाली जमिनीजवळून, चारी कोपऱ्यांतल्या रायझरमधून, म्हणजे भिंतीतल्या उभ्या पोकळ्यांतून. वरून स्वच्छ हवा, खालून कण बाहेर. व्ह्यू पॅनेलच्या काचा भिंतीच्या पातळीत बसवून घेतल्या, धूळ बसायला कडा ठेवली नाही.

२४ मार्च

डक्टची जोडणी. प्रत्येक तुकडा आतून पुसून, दोन्ही तोंडं प्लॅस्टिकनं बांधून आला पाहिजे हे ठेकेदाराला लेखी दिलं होतं. दोन तुकडे उघडे आले, परत पाठवले. फिटर मामांनी सांध्यांवर हात फिरवून गळती शोधली आणि नंतर दाबाच्या चाचणीत त्यांच्या खुणेची ठिकाणंच निघाली. हेपा बसवायच्या आधी सगळी लाइन ब्लोअर चालवून झटकून घ्यायची. त्याआधी हेपाचे खोके उघडायचे नाहीत.

४ एप्रिल

हेपा बसले. मामांनी एक फिल्टर उजेडाकडं धरून बघितला आणि विचारलं, "ह्यात भोकं किती बारीक असत्यात? चाळणीच न्हवं का ही?"

चाळणी नाही, आणि हेच मला या विषयातलं सगळ्यात आवडतं. काचेच्या बारीक तंतूंचा तो विस्कटलेला कागद आहे. तंतूंमधल्या मोकळ्या जागा त्यात अडकणाऱ्या बऱ्याच कणांहून मोठ्या असतात. मोठा कण जड, हवा तंतूला वळसा घालते तेव्हा त्याला वळता येत नाही, तो सरळ जाऊन आपटतो. मधला कण वळतो, पण त्याची कड तंतूला घासते आणि चिकटते. अगदी बारीक कणाला हवेचे रेणू चहूबाजूंनी ढकलत असतात, तो वेडावाकडा भटकत शेवटी कुठल्यातरी तंतूवर जाऊन बसतो. म्हणजे मोठेही अडतात आणि अगदी छोटेही अडतात. निसटायची संधी जास्त असते ती मधल्यांना, ०.१ ते ०.३ मायक्रॉनच्या आसपास. म्हणून फिल्टरची परीक्षा त्याच आकारावर घेतात. तिथं एच१४ नं किमान ९९.९९५ टक्के कण अडवायला हवेत. एच१३ ला ९९.९५ टक्के.

मामांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे बारका कण सुटंल असं वाटतंय, आन् त्योच सापडतोय." इतक्या थोडक्यात मला नसतं सांगता आलं.

दुपारी पीएओ चाचणी, म्हणजे फिल्टरची गळती तपासणं. फिल्टरच्या वरच्या बाजूला तेलाचं बारीक धुकं सोडायचं आणि खालून नळीचं तोंड फिल्टरच्या अगदी जवळून, सावकाश, एकही पट्टा न सोडता फिरवायचं. मर्यादा: वरच्या धुक्याच्या ०.०१ टक्क्याहून जास्त खाली दिसता कामा नये. कागद सगळीकडं ठीक निघाला. एका फिल्टरच्या कोपऱ्यात गॅस्केटपाशी आकडा उडाला. फिल्टर उतरवला, चौकटीवर वेल्डिंगचा बारीक दाणा होता, तो घासून काढला. बोल्ट चारी बाजूंनी सारखे आवळून पुन्हा फिरवलं, आकडा बसला. गळती बहुतेक वेळा कागदात नसते, बसवण्यात असते.

१५ एप्रिल

शनिवारी चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा झाली. आज कामावर आलेल्यांपैकी निम्म्यांच्या कानामागे, नखांत, केसांच्या मुळाशी गुलाल. दोनदा डोक्यावरून अंघोळ करूनही तो जात नाही, हे इथल्या कुणालाही सांगायला नको.

नेमकं आज गाउनिंगचं, म्हणजे खोलीचे कपडे घालायचं, पहिलं शिक्षण ठेवलं होतं, त्यामुळं विषय आपोआप निघाला. पाळी लावणाऱ्यांशी बोलून नियम केला: यात्रेला किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीला गेलेल्यांनी पुढचे दोन दिवस मशीन शॉपमध्ये काम करायचं, पगारात फरक नाही. डोंगरावर जाऊ नका, असं मी कुणालाही म्हणणार नाही. "चांगभलं" म्हणणाऱ्या माणसाला दंड लावून खोली स्वच्छ राहत नाही. तो गुलाल लपवायला शिकतो, एवढंच.

माणूस हाच या खोलीतला कणांचा सगळ्यात मोठा झरा. स्थिर बसलेला माणूसही मिनिटाला लाखभर बारीक कण सोडतो, आणि चालायला लागला की ते काही दशलक्षांवर जातं. त्वचा, केस, कपड्याचे धागे, बोलताना उडणारे थेंब. म्हणून सुती कपडा आत चालत नाही, सलग धाग्याच्या पॉलिएस्टरचा कव्हरऑल, म्हणजे अंगभर एकसंध पोशाख लागतो. क्रम वरून खाली: आधी टोपी, मग मास्क, मग कव्हरऑल जमिनीला न लागू देता, मग बाकावरून पाय पलीकडं टाकताना एकेक बूट. हातमोजे शेवटी, बाहीच्या वरून.

पॅकिंगच्या ताईंनी मंगळसूत्राचं विचारलं. मुलींच्या मनात होतं, पण माझ्यापाशी कुणी बोललं नसतं. कव्हरऑलच्या आत, गळपट्टी बंद असेल तर राहू दे. बांगड्या काढायच्या, कारण हातमोजा फाटतो. टिकली, पावडर, काजळ, गजरा आत नाही. पाकिटं ठेवायला प्रत्येकीला स्वतःचं कुलूप असलेला कप्पा द्यावा, असं ताई म्हणाल्या. देतोय.

२ मे

दाब बसवायला दिवस गेला. पॅकिंग खोली ४५ पास्कल, कपडे बदलायची खोली ३०, बाहेरचा कॉरिडॉर १५, आणि शॉप फ्लोअर शून्य धरून. दोन शेजारच्या खोल्यांत किमान १० पास्कलचा फरक हवा, आम्ही १५ ठेवला. पाटाचं पाणी जसं उताराकडंच जातं, तशी हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडं जाते. दार उघडलं, फट राहिली, तरी वारा आतून बाहेर वाहतो आणि बाहेरची धूळ आत शिरत नाही. १५ पास्कल म्हणजे दीड मिलिमीटर पाण्याची उंची, एवढ्याशा दाबावर सगळी खोली उभी आहे.

दाब वाढवत नेला की जास्त सुरक्षित, असं नाही. ६० च्या पुढं नेऊन बघितलं तर दारांच्या फटीतून शिट्टी वाजायला लागली आणि दार उघडायला जड झालं. दारं जास्त दाबाच्या बाजूला उघडणारी घेतली आहेत, त्यामुळं दाबच त्यांना चौकटीवर धरतो. दोन दारं एकदम उघडू नयेत म्हणून इंटरलॉक. पास बॉक्सलाही, म्हणजे भिंतीतून सामान आत देण्याच्या दोन दारांच्या पेटीलाही, तेच.

१३ मे

आज रिकाम्या खोलीची कणमोजणी झाली. ४८ चौरस मीटरला स्टँडर्डच्या तक्त्याप्रमाणे दहा जागा. मोजणी यंत्र मिनिटाला २८.३ लिटर, म्हणजे एक घनफूट हवा ओढतं. मशिनं चालू, माणसं बाहेर. अर्ध्या मायक्रॉनचे आकडे सगळीकडं मर्यादेच्या खूप खाली आले. मोजणी करणाऱ्या एजन्सीचे इंजिनियर खूश. आयएसओ ७ चं प्रमाणपत्र आठवड्यात देतो म्हणाले.

इथं माझं आणि त्यांचं वाजलं. वाजलं म्हणजे आवाज चढला नाही, पण मी सही केली नाही. खोलीच्या तीन अवस्था धरतात: नुसती बांधून झालेली, यंत्रांसकट पण माणसांविना, आणि काम चालू असलेली. प्रमाणपत्रावर वर्ग लिहिला की तो यातल्या कुठल्या अवस्थेतला, हे लिहावंच लागतं. मधल्या अवस्थेतला वर्ग म्हणजे कुणीच नसताना खोली किती स्वच्छ आहे. प्लेट तर माणसं असतानाच पॅक होणार! औषधांच्या युरोपीय नियमावलीत हे उघड लिहिलंय: तिथली सी श्रेणीची खोली रिकामी असताना आयएसओ ७ आणि काम चालू असताना आयएसओ ८. बी श्रेणी रिकामी असताना आयएसओ ५, कामात ७. फक्त ए श्रेणीला दोन्ही वेळा आयएसओ ५ टिकवावं लागतं.

आम्हाला आयएसओ ७ हवं ते काम चालू असताना. अण्णांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गिऱ्हाईक काय बघणार?" गिऱ्हाईक कागद बघेल. पण रोग्याच्या पायात प्लेट जाणार ती कागदावरची नव्हे. अण्णा म्हणाले, मोजा माणसं आत घालून.

२८ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. आर्द्रतेची परीक्षा आयतीच झाली.

आत २१ अंश आणि ५० ते ५५ टक्के आर्द्रता ठेवायची आहे. फार कोरडं झालं तर पाऊचच्या प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि कण ओढून घेते. फार ओलं झालं तर बुरशी, आणि कव्हरऑलमध्ये घाम. घाम आला की मुली मास्क हलवतात. बाहेरची हवा चिंब असल्यानं नुसतं थंड करून भागत नाही. आधी दवबिंदूच्या खाली नेऊन पाणी गाळायचं, मग हीटरनं पुन्हा हवं तेवढं तापवायचं. एकाच वेळी गार करा आणि तापवा, हे वीजबिलाला झेपत नाही, पण पावसाळ्यात दुसरा सोपा मार्ग नाही. कॉइलखालच्या ट्रेचं पाणी नीट वाहून जातंय ना ते रोज बघायचं. साचलं तर बुरशीचं घर एएचयूच्या पोटातच होईल.

१७ जून

काम चालू असतानाची मोजणी. ताई आणि पाचजणी पूर्ण गाउनमध्ये, नकली लॉटचं पॅकिंग. नऊ जागा ठीक. सातव्या जागी, पूर्वेच्या टेबलापाशी, अर्ध्या मायक्रॉनचा आकडा मर्यादेत पण पाच मायक्रॉनचा मर्यादेबाहेर. आयएसओ ७ ला पाच मायक्रॉनचे आणि मोठे कण घनमीटरला २,९३० चालतात, तिथं चार हजारांवर. एक जागा चुकली की खोली चुकली, सरासरीत लपवता येत नाही.

मोठे कण वाढले आणि बारीक वाढले नाहीत, म्हणजे फिल्टर गळत नाही. फिल्टर गळला तर बारीकही येतात. हे काहीतरी आतलंच, कागद किंवा कापड. इंजिनियर म्हणाले, हवा वाढवू. मी म्हटलं, आधी हवा बघू.

शुद्ध पाण्याचं धुकं सोडून बघितलं. छताखालून ते छान सरळ उतरलं, टेबलाच्या खाली आलं आणि तिथंच घुटमळलं, मग टेबलाच्या कडेवरून पुन्हा वर चढलं. पूर्वेच्या रायझरच्या जाळीपुढं पाऊचची ट्रॉली लावलेली होती! हवेला जायला वाट नव्हती. त्यात ट्रॉलीवर लेबलचे रोल पुठ्ठ्याच्या खोक्यासकट. पुठ्ठा हा धाग्यांचा कारखानाच, तो पास बॉक्सच्या बाहेरच उघडायचा असं लिहिलेलं होतं. पण रोल सुटे ठेवायला आत जागाच दिलेली नव्हती, म्हणून खोकं आलं. ताईंनी हे अगदी शांतपणे सांगितलं आणि ते बरोबर होतं.

ट्रॉलीची जागा बदलली, जमिनीवर रायझरपुढं पिवळी पट्टी मारली, रोलसाठी स्टीलची उघडी मांडणी. संध्याकाळी पुन्हा मोजलं. सातव्या जागी पाच मायक्रॉनचे बाराशेच्या आसपास. ब्लोअरचा वेग एक हर्ट्झही वाढवला नाही.

रात्री विलिस व्हिटफिल्डबद्दल वाचत बसलो. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा हा मुलगा अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ होता. हेपा फिल्टर त्याच्या आधीपासून होते, १९४० च्या दशकातल्या अणुबाँबच्या प्रकल्पातले. तरी खोल्या स्वच्छ राहत नव्हत्या, कारण हवा आत घुटमळत होती. त्यानं छतातून गाळलेली हवा सरळ खाली सोडली आणि जमिनीच्या जाळीतून काढून घेतली. १९६२ साली ते जाहीर झालं. कणमोजणीचे आकडे इतके खाली आले की यंत्रच बिघडलं असं वाटलं म्हणतात. फिल्टर तोच, त्यानं हवेला फक्त वाट दिली.

३ जुलै

दुपारी वीज गेली. गेजचे काटे बघता बघता शून्यावर. ब्लोअर थांबला की खोलीचं संरक्षण संपलं, मग छतात कितीही भारी फिल्टर असो. टेबलावर उघड्या असलेल्या नमुन्याच्या प्लेट बाजूला काढून पुन्हा धुलाईला पाठवल्या.

यातून नियम लिहिला. वीज गेली की हात थांबवायचे, दारं उघडायची नाहीत, उघडा माल झाकून वेगळा ठेवायचा. वीज आल्यावर दाब पुन्हा बसून वीस मिनिटं होईपर्यंत काम नाही. वीस मिनिटं कुठून आली? धूर सोडून कण शंभरपट वाढवले आणि मूळ पातळीला यायला किती वेळ लागतो ते मोजलं. तासाला ४० बदल आणि हवा पूर्ण मिसळते असं धरलं तर हिशेबानं सात मिनिटं येतात. आमच्या खोलीला नऊ लागली, कोपरे उशिरा साफ होतात. वीस मिनिटांत भरपूर सवड आहे.

ब्लोअर जनरेटरवर घ्यायला अण्णा लगेच हो म्हणाले. चिलर घेतला नाही. थोडा वेळ गरम चालेल, दाब गेलेला चालणार नाही.

२५ जुलै

जंतू मोजायच्या बशांचा निकाल आला. कणमोजणी यंत्राला कण जिवंत आहे की नाही ते कळत नाही, म्हणून पोषक थर असलेल्या बशा चार तास उघड्या ठेवल्या होत्या. सी श्रेणीला एका बशीवर ५० वसाहतींची मर्यादा. पॅकिंग खोलीत सगळ्या एक-आकडी. बुरशी नाही, आणि भर पावसाळ्यातला हा निकाल आहे. कपडे बदलायच्या खोलीत एका बशीवर थोड्या जास्त, तीही मर्यादेत. तिथल्या बाकाची खालची बाजू पुसली जात नव्हती, साफसफाईच्या मावशींनीच वाकून दाखवली. पुसण्याच्या यादीत घातली. पुसायचं ते वरून खाली, आतून दाराकडं, आणि एकदा फिरलेलं कापड पुन्हा तिथं नाही.

एजन्सीचं प्रमाणपत्र आलं. त्यावर दोन्ही अवस्था लिहिल्या आहेत, आज सही केली. दाबाची नोंद ताई पाळीच्या सुरुवातीला आणि जेवणानंतर करतील. हेपावरचा दाब पहिल्या दिवसाच्या दुप्पट झाला की फिल्टर बदलायची तयारी. कणमोजणी दर महिन्याला, काम चालू असतानाच. पीएओ सहा महिन्यांनी.

पहिला खरा लॉट सोमवारी सकाळच्या पाळीत.